मेळावा, मांडव आणि 3 फुटांचं स्टेज

मेळाव्याच्या नियोजनाची बैठक कुठलीही घ्या, सुरुवात पाहुण्यांपासूनच होते. उद्घाटनाला कोण, समारोपाला कोण, बॅनरवर कोणाचा फोटो मोठा, यात तासभर आरामात जातो, मग जेवण, मग मांडववाल्याचं कोटेशन, आणि सगळे उठायच्या बेतात असताना कोणीतरी हळूच म्हणतं, "सर, यंदा आपल्याकडे काही दिव्यांग मुलंपण येणारेत हं." सरांचं उत्तर तयार असतं. "हो हो, त्यांना पुढे खुर्च्या टाका. पाहुण्यांच्या हस्ते गुलाबाचं फूल देऊ." झालं. चहाचे कप गोळा, बैठक संपली.

मी खानदेशात एका हायस्कूलला शिकवते आणि शाळेचं गाइडचं पथक चालवते. हिवाळ्यात आमचा स्काउट-गाइडचा मेळावा असतो, हजार-दीड हजार मुलंमुली, मुक्काम, तंबू, संचलन, शेकोटी, स्वयंपाकाच्या स्पर्धा, धमाल नुसती. आणि त्या खुर्च्या मी इतक्यांदा बघितल्यात की आता मैदानात शिरल्या शिरल्या माझी नजर आधी तिकडेच जाते. पहिल्या रांगेत पाच-सहा प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यावर इस्त्रीच्या युनिफॉर्ममधली पाच-सहा मुलं, शेजारी कोणाची आई, कोणाचे बाबा. मागे ताडपत्रीवर बाकीची हजारभर मुलं एकमेकांच्या अंगावर रेलून, खोड्या काढत, स्कार्फच्या टोकाला गाठी मारत बसलेली. खुर्चीतल्या मुलाला मान वळवून मागे बघावं लागतं. फूल मिळतं, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात येतो, आणि त्या मुलाचा मेळावा म्हणजे ती खुर्ची. कोणी वाईट वागत नाही त्याच्याशी, उलट जो तो येऊन पाणी विचारतो, डोक्यावरून हात फिरवतो. पण त्याला भांडी घासायला कोणी बोलवत नाही आणि तंबूत रात्री चाललेल्या भुतांच्या गोष्टी त्याच्या कानावर पडत नाहीत. आणि मेळाव्यात मुलं येतात ती ह्याच्यासाठीच की, भाषणं ऐकायला कोण येतंय.

गंमत अशी आहे की ह्याचं उत्तर आमच्याच चळवळीत पहिल्या दिवसापासून पडलेलं आहे. 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर स्काउटिंग सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलनी पहिलं शिबिर घेतलं, मुलं वीसेकच होती, त्यात काही श्रीमंतांच्या शाळांतली आणि काही कामकऱ्यांच्या घरची, आणि त्यांना वेगवेगळं न ठेवता मिसळून चार संघ केले. संघ म्हणजे सहा-आठ जणांचं टोळकं, त्यांचा एक संघनायक, तंबू एक, चूल एक. आजही तेच चालतं. म्हणजे दीड हजार मुलांच्या मेळाव्यात कुठल्याच मुलाला दीड हजार चेहरे ओळखायचे नसतात, त्याला फक्त आपले सात जण ओळखायचे असतात. ज्या मुलाला गर्दीत घाबरायला होतं, ज्याला ऐकू कमी येतं, ज्याला सूचना एकदा सांगून कळत नाही, त्याच्यासाठी ह्याच्याहून चांगली सोय दुसरी कुठली काढणार? पण आपण नेमकं त्यालाच संघातून उचलतो आणि खुर्चीत नेऊन बसवतो, काळजीपोटी. "नको मॅडम, संघात धक्काबुक्की होते." होते ना. सगळ्यांनाच होते.

तर आमच्या तालुक्यापुरतं आम्ही काही जणांनी खुर्च्या बंद करायचं ठरवलं आणि मग लक्षात येत गेलं की खुर्ची काढणं सोपं आहे, ती खुर्ची ज्याच्यामुळे लागते त्या गोष्टी काढायच्या तर मांडववाल्यापासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांशी भांडावं लागतं.

सुरुवात फॉर्मपासून. नोंदणीच्या फॉर्मवर खाली एक ओळ असायची, "आजार/अपंगत्व असल्यास नमूद करावे." पालक तिथे सरळ "नाही" लिहायचे. लिहिलं तर पोराला नेणार नाहीत ही भीती, आणि ती भीती काय उगाच नाही, अनुभवाची आहे. ती ओळ काढून आम्ही लिहिलं, "तुमच्या मुला-मुलीला मेळाव्यात नीट राहता यावं म्हणून आम्ही काय करायला हवं?" आणि दोन रेघा मोकळ्या. मग फॉर्म परत आले ते वाचण्यासारखे होते. "रात्री अंधारात घाबरतो, बाहेरची लाइट दिसली पाहिजे." "भात सोडून काही खात नाही, जबरदस्ती करू नका, दोन दिवस भातावर राहील." "डाव्या कानाने ऐकते, डाव्या बाजूने बोला." "अंथरूण ओलं होतं, कोणाला सांगू नका." हे शेवटचं एका नाही, बऱ्याच फॉर्मवर होतं आणि त्यातल्या कुठल्याच मुलाकडे अपंगत्वाचं कसलंच सर्टिफिकेट नव्हतं. म्हणजे जी सोय आपण "त्या चार-पाच मुलांसाठी" म्हणून करत होतो ती लागणारी मुलं भलतीच जास्त निघाली.

सर्टिफिकेटवरून आठवलं, 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांच्या वर दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या, पण त्या जनगणनेत प्रकारच आठ होते आणि ऑटिझमला, म्हणजे स्वमग्नतेला, स्वतःचा रकाना नव्हता. पुढे दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा आला, त्याने आधीच्या 1995 च्या कायद्यातले सात प्रकार वाढवून 21 केले, ऑटिझम आला, शिकण्यातल्या अडचणी आल्या, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलपण आला. आणि ह्याच कायद्याच्या सोळाव्या कलमात शाळांसाठी नुसत्या शिक्षणाचं लिहिलेलं नाही, खेळ आणि करमणुकीचीही इतरांच्या बरोबरीने संधी द्या असं लिहिलंय. मेळावा त्यात येतो. हे मी बैठकीत वाचून दाखवते तेव्हा सगळे मान डोलावतात आणि मग कोणीतरी म्हणतं, कायदा बरोबर आहे मॅडम, पण ग्राउंडवर अवघड असतं.

ग्राउंडवरचंच बोलू मग. सिकलसेल घ्या. आमच्या भागात, सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळांतून येणाऱ्या मुलांत हा आजार आहे, विदर्भातही आहे. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि थंडी वाजली, पाणी कमी पडलं, दमछाक झाली की बारीक नसांमध्ये अडकून बसतात, मग हाडं आणि सांधे असे दुखतात की मूल कळवळतं. बाहेरून बघितलं तर पोरगं धडधाकट. आता आमचा मेळावा डिसेंबरातला, पारा एक आकड्यावर, आणि दिनक्रमाच्या कागदावर मोठ्या अभिमानाने छापलेलं, पहाटे 5 ला उठणे, थंड पाण्याने अंघोळ, 5.30 ला व्यायाम. शिस्त म्हणे! त्या मुलासाठी ही शिस्त म्हणजे आजार ओढवून घेणं आहे. त्याला "तू अंघोळ नको करू, तू बस" म्हटलं की परत खुर्ची आली. आम्ही काय केलं, अंघोळ सगळ्यांचीच दुपारी ठेवली, उन्हात, शिवाय बंब पेटवला. बारक्या पोरांनी तर टाळ्या वाजवल्या. पाण्याची बाटली गळ्यात अडकवलेली पाहिजे हा नियमही सगळ्यांना, आणि संघनायकाने दर शिट्टीला "पाणी" म्हणून ओरडायचं. कोणाला कळलंही नाही की हे मुळात कोणासाठी केलं, आणि कळायची गरजही नव्हती.

जेवणाच्या वेळेवरून मात्र माझी खरी भांडणं झाली. टाइप वन डायबेटिसची एक मुलगी, इन्सुलिन घेणारी, हुशार, स्वतःचं इंजेक्शन स्वतः टोचते. तिचं गणित सरळ आहे, इन्सुलिन घेतलं की जेवण वेळेवर पोटात गेलं पाहिजे, नाही गेलं तर साखर उतरते, हात थरथरतात, घाम फुटतो, आणि तसंच राहिलं तर बेशुद्धही पडू शकते. आता आपल्या कार्यक्रमात जेवण कशावर अवलंबून असतं? पाहुण्यांच्या गाडीवर. साडेबाराचं जेवण पाहुणे दोन वाजता आले म्हणून तीनला. "पाच मिनिटांत येतायत, वाटेतच आहेत." डायबेटिस त्या 21 च्या यादीत नाही, म्हणजे खुर्चीवाल्यांत ती धरलीच जात नव्हती. तिच्या संघाकडे आम्ही गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणि ग्लुकोजचा पुडा दिला, संघातल्या सगळ्या मुलींना साखर उतरल्याच्या खुणा शिकवल्या, ते झालंच. पण दिनक्रमावर जेवणाच्या वेळेपुढे लाल शाईत लिहिलं, "ही वेळ बदलणार नाही." एका समारोपाला पाहुणे आले तेव्हा मुलं जेवत होती. चक्क. वरिष्ठांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते, पाहुण्यांनी मात्र पत्रावळ घेतली आणि पंगतीत बसले, त्यांना भूक लागलेली होती.

आता साउंड. ह्या विषयावर मी आधीच बदनाम आहे गावात. मेळाव्याच्या मैदानात स्टेजच्या दोन बाजूंना काळ्या डब्यांचे दोन मनोरे उभे राहतात, त्यातून गाणी, सूचना, "हॅलो माइक टेस्टिंग", हरवलेल्या चपला, सगळं एकाच आवाजात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, आमच्या मनोऱ्यांपुढे उभं राहिलं तर छाती हलते. ऑटिझम असलेल्या कितीतरी मुलांना हा आवाज नुसता मोठा वाटत नाही, तो अंगावर येतो, सहन होत नाही, मूल कान दाबतं, पळतं, किंवा खाली बसून डोकं गुडघ्यात घालतं आणि लोक म्हणतात हट्टी आहे. कानाचं मशीन लावणाऱ्या मुलांचं वेगळंच, मशीन सगळेच आवाज मोठे करतं, त्या कल्लोळात शेजारचा काय बोलतो ते कळत नाही, शेवटी मूल मशीन बंद करून टाकतं आणि मग काहीच ऐकू येत नाही. साउंडवाल्या पोराशी बसून बोलले तर त्यालाच उपाय माहीत होता. "मॅडम, दोन मोठ्यांऐवजी सात-आठ छोटे लावतो मैदानभर, आवाज कमी ठेवून सगळीकडे जाईल. पण तुमचे सर म्हणतात ना, वाजलं पाहिजे!" भाडं जवळपास तेवढंच पडलं.

आणि खरं सांगायचं तर स्काउटिंगला माइकची एवढी गरजच नाही. आमच्याकडे हाताच्या खुणा आहेत, मॅडमनी हात असे धरले की घोड्याच्या नालाच्या आकारात उभं राहायचं, तसे धरले की रांगेत, एक शब्द न बोलता दोनशे मुली जागेवर. ऐकू न येणारी मुलगी ह्यात कुठेच मागे पडत नाही, उलट तिची नजर जास्त तयार असते. अलीकडे तर आमच्या मुली सगळ्या सूचना तिच्याकडे बघून घेतात कारण तिला आधी कळतं. टाळ्यांचे आमच्याकडे शंभर प्रकार, पावसाची टाळी, रेल्वेची टाळी, त्यात आम्ही मूकबधिर शाळेतली टाळी घातली, दोन्ही हात वर करून पंजे फिरवायचे. शेकोटीच्या उजेडात हजारभर पंजे एकदम फिरताना बघितले की कळतं, दिसायलाही ती वाजणाऱ्या टाळीपेक्षा भारी आहे.

शांत तंबू हा प्रकार आम्ही मैदानाच्या एका कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या मागे सुरू केला. आत काही नाही, दोन गाद्या, एक माठ, थोडे कागद-खडू, बाहेर एक ताई. नियम एवढाच की आत बोलायचं नाही आणि कोणालाही इथे का आलास म्हणून विचारायचं नाही. केला होता सातवीतल्या एका मुलासाठी, त्याला ऑटिझम आहे, बोलतो कमी, चित्रांच्या कार्डांवरून सांगतो. त्याच्या गळ्यात शिट्टीच्या दोरीतच कार्डांचा छोटा गठ्ठा, पाणी, संडास, आवाज, तंबू. त्याला दिनक्रम आदल्या आठवड्यातच चित्रांत काढून घरी पाठवलेला, त्याने तो पाठ केलेला, आणि प्रत्येक गोष्ट झाली की पेनने फुली. तंबूत तो दिवसातून दोनदा येऊन पडायचा, पंधरा मिनिटांनी उठून आपला आपण परत. पण तंबू रिकामा कधीच नसायचा. घरची आठवण येणारी पाचवीतली मुलं, पाळी आलेल्या मुली, भांडून आलेला संघनायक, एकदा तर एक स्काउट मास्तर येऊन झोपले होते. ताईने त्यांना उठवलं नाही, नियम सगळ्यांना सारखा.

ह्याच मुलाची एक तक्रार माझ्याकडे आली होती, लेखी. म्हणजे त्याने भांड्यांच्या कार्डावर पेनने आपलं नाव लिहिलं, खाली तीन रेघा मारल्या, आणि संघनायकाकडे बोट दाखवलं. चौकशी केली तर खरंच होतं, भांडी घासायची पाळी त्याला सलग तीनदा लावली होती, संघनायकाचं म्हणणं, "तो छान घासतो मॅडम, चकाचक, आणि बोलत पण नाही." मी संघनायकाला झापलं. पुढच्या वेळी पातेलं संघनायकाच्या वाट्याला आलं, पिठल्याचं, बुडाला लागलेलं, आणि हे साहेब शेजारी उभं राहून कुठे राहिलंय ते बोटाने दाखवत होते.

मांडववाल्याची गोष्ट राहिली. आमचं स्टेज नेहमी 3 फुटांचं. व्हीलचेअरवरची एक मुलगी सूत्रसंचालन करणार होती, आवाज खणखणीत, पाठांतर तर विचारू नका. मांडववाला म्हणाला, दोन पोरं उचलून ठेवतील मॅडम, टेन्शन नाही. ती मुलगी तिथेच होती. ती म्हणाली, "मी गादी आहे का काका?" मग रॅम्पचा विषय. रॅम्पचा हिशोब असा असतो की एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरायची, त्याच्यापेक्षा तिरका केला तर ढकलणाऱ्याची दमछाक आणि उतरताना खुर्ची सुटायची भीती. म्हणजे 3 फुटांच्या स्टेजला 36 फूट रॅम्प. "छत्तीस फूट? मग मांडव कुठे टाकू, रॅम्पवर?" म्हटलं, मग स्टेजच एका फुटाचं कर, बारा फुटांत काम होईल. "मागच्या पोरांना दिसणार नाही." मागच्या पोरांना आत्ता तरी कुठे दिसतं, ती चिंचोके खेळत असतात. शेवटी स्टेज मैदानाच्या टोकाला न ठेवता मध्यावर आणलं आणि मुलं अर्धगोलात बसवली, शेकोटीला बसतो तशी, त्यामुळे शेवटची रांगसुद्धा जवळ आली. अडचण निघाली ती वेगळीच. एका कार्यकर्त्याने येऊन विचारलं की साहेब एवढ्या खाली बसणार का. साहेब बसले. बॅनर मात्र वर बांधला, तेवढी तडजोड केली आम्ही.

संडासाबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. मोबाइल टॉयलेटला चार पायऱ्या असतात, उंच, लोखंडी, रात्री दवाने निसरड्या. ज्याला चालायला त्रास आहे तो मुलगा काय करतो, तो पाणीच पीत नाही. दिवसभर. विचारलं तर म्हणतो तहान नाही. जमिनीला लागून एक पत्र्याची खोली, दार बाहेर उघडणारं, आत मेडिकलच्या दुकानात मिळते ती कमोडची खुर्ची, धरायला एक बांबू घट्ट रोवलेला, आणि वर रात्रभर चालू राहील असा दिवा, एवढंच लागतं. बांबूची बांधणी मुलांनीच केली, पायोनियरिंगच्या, म्हणजे दोरी-बांबूच्या बांधकामाच्या, मार्कांत धरली.

गाठींवरून एक सांगते. आमच्या परीक्षेत क्लोव्ह हिच, रीफ नॉट, बोलाइन वगैरे गाठी असतात. एका अंध मुलीला परीक्षकांनी "तुला सूट आहे बेटा, तुला तोंडी विचारतो" म्हटलं. तिने दोरी मागितली. हात पाठीमागे नेले आणि बोलाइन मारली, पुढे आणून दाखवली, सोडली, परत पाठीमागे मारली. परीक्षक गप्प. डोळ्यांनी गाठ बघून मारणारी मुलं अंधारात तंबूचा ताण सुटला की चाचपडतात, हिला दिवस काय रात्र काय. मग आम्ही सगळ्यांचीच गाठींची परीक्षा हात पाठीमागे घेऊन ठेवली, आणि किम्स गेम, म्हणजे ताटातल्या वीस-पंचवीस वस्तू बघून लक्षात ठेवायचा खेळ, तो रुमालाखाली हात घालून खेळायचा केला. पहिला नंबर कोणाचा आला ते सांगायला नको. दुसऱ्या शाळेच्या सरांनी तक्रार केली की हे तिच्या फायद्याचं झालं. म्हटलं सर, आजपर्यंत सगळे खेळ कोणाच्या फायद्याचे होते? पण त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे हेही खरं, म्हणून आता दोन्ही फेऱ्या ठेवतो, बघून एक आणि हाताने एक.

फिट येणाऱ्या मुलांविषयी भीती फार. एकदा शेकोटीच्या वेळी एका मुलाला फिट आली आणि क्षणात पन्नास माणसं गोळा, कोणी कांदा आणा, कोणी चप्पल हुंगवा, कोणी चमचा घेऊन दात उघडायला निघालेलं. त्याच्या संघाला आम्ही आधी शिकवून ठेवलं होतं. नववीतली दोन पोरं उठली, एकाने स्कार्फची घडी त्याच्या डोक्याखाली सरकवली, स्कार्फ गळ्याशी अडकवायचं कडं, म्हणजे वॉगल, काढून गळा मोकळा केला, दुसऱ्याने घड्याळ बघितलं आणि मोठ्या माणसांना सांगितलं, "काका, तोंडात काही घालायचं नाही, मागे व्हा." झटके थांबल्यावर कुशीवर वळवलं. पाच मिनिटांच्या वर गेली असती तर 108 ला फोन, तोही नंबर त्यांना पाठ. दोन मिनिटांत थांबली. फिट बऱ्याचदा औषधाचा डोस चुकल्याने आणि जागरणाने येते, आणि मेळाव्यात दोन्ही हमखास होतं, त्यामुळे दहाला दिवे बंद हा नियम आम्ही आता पाहुण्या शिक्षकांच्या गप्पांच्या तंबूलाही लावलाय. त्यावरून मला नावं ठेवणारे आहेत. ठेवोत.

सगळ्यात जास्त चीड मला एका अटीची आहे. "आई सोबत येणार असेल तर घेऊ." ऐकायला किती समजूतदार वाटतं. पण ती आई कापूस वेचायला जाते, तिचे तीन दिवसांचे पैसे कोण देणार? आणि चौदा वर्षांच्या मुलाला तंबूत आई शेजारी घेऊन झोपायला सांगितलं तर त्याचा संघ त्याला काय म्हणेल? एका नामांकित शिबिरात आमच्या एका मुलीला ह्याच अटीवर नाकारलं गेलं होतं, आयोजक अतिशय गोड बोलत होते. आईऐवजी माणसं मिळतात, शोधली तर. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना तालुक्यातलं प्रत्येक मूल नावानिशी माहीत असतं, कोणाला काय जमतं, कोण कशाने चिडतं. त्यांना आपण तपासणीच्या कॅम्पला आणि सर्टिफिकेटच्या कामाला बोलवतो, नियोजनाच्या बैठकीला कधीच नाही. आमच्याकडचे सर पहिल्यांदा बैठकीला आले तेव्हा त्यांना वाटलं आपल्याला माहिती भरायला बोलावलंय, पेन काढून बसले होते. मदतीला मोठी मुलं असतात, जुनी गाइड पोरगी, आता कॉलेजला जाणारी, दोन-दोन तासांच्या पाळ्या लावायच्या, एकाच माणसावर तीन दिवस टाकलं की तो माणूसही वैतागतो आणि मूलही.

आश्रमशाळेतल्या पावरा आदिवासी मुलांचंही इथेच सांगून टाकते, त्यांना कुठलंच अपंगत्व नाही, पण माइकवरून भराभर फेकलेली मराठी त्यांना अर्धी कळते आणि ती हसून मान डोलावतात. त्यांच्यासाठीही तो चित्रांचा दिनक्रमच कामाला आला. संघात एक पावरी बोलणारा मुलगा असला की झालं.

खर्चाचं लोक फार विचारतात. स्टेज लहान केल्याने पैसे वाचले, ते रॅम्पला गेले. कमोडची खुर्ची गावातल्या एका आजोबांची होती, त्यांच्या मुलाने आणून दिली. खरा खर्च वेळेचा आहे, बैठका दोन महिने आधी सुरू कराव्या लागतात, आणि दरवर्षी नवे अधिकारी आले की परत पहिल्यापासून समजवावं लागतं, परत कोणीतरी म्हणतं पुढे खुर्च्या टाका.

आणि सगळं जमलंय असं अजिबात नाही. हायकिंगचं अडलेलं आहे. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी संघ खुणांचा माग काढत टेकडीवर जातात, वर झेंडा असतो. कुबड्या घेऊन चालणारी एक मुलगी आहे, आठवीतली, तिला त्या झेंड्यापर्यंत जायचंय. आम्ही नदीकाठचा सपाट रस्ता काढला, तिच्या संघात त्यावरून भांडण झालं, दोघी म्हणाल्या आम्हाला टेकडीच पाहिजे, आणि तीही म्हणाली मलापण टेकडीच पाहिजे, माझ्यामुळे नदीला जाऊ नका. कोणीतरी डोली सुचवली, तिने त्या माणसाकडे असं बघितलं की विषय तिथेच मिटला. शेवटी संघ नदीकाठाने गेला, सगळ्या घुश्श्यात. गावातले म्हणतात टेकडीच्या मागच्या अंगाने बैलगाडीची जुनी वाट आहे, चढ कमी आहे, फक्त मध्ये एक नाला लागतो आणि पुढे थोडं मुरमाचं घसरण आहे. येत्या रविवारी ते विशेष शिक्षक सर, मी आणि ती मुलगी अशी तिघं ती वाट बघायला जाणार आहोत. नाल्यावर टाकायला ओंडक्यांचा छोटा पूल करायचा तर किती बल्ल्या लागतील ते स्काउटची पोरं मोजून देणारेत.